महाराष्ट्रातील विमानतळ सुरक्षा तपासणी

महाराष्ट्रातील विमानतळ सुरक्षा तपासणी म्हणजे राज्यातील विमानतळांवर विमानात चढण्यापूर्वी प्रवाशांची, त्यांच्या हातसामानाची व नोंदणीकृत सामानाची केली जाणारी तपासणी होय. या तपासणीचे नियम राज्य शासन ठरवीत नाही. ते केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीतील नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो ठरवतो. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या विमानतळांवर प्रत्यक्ष झडतीचे काम केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे.

नियम संपूर्ण देशासाठी एकच असले तरी त्यांची अंमलबजावणी सर्वत्र सारखी होत नाही. एका विमानतळावर चालणारी वस्तू दुसऱ्या विमानतळावर काढून घेतली जाणे, जुना नियम अनेक वर्षांनी अचानक कडकपणे लागू होणे आणि नव्या नियमाची माहिती तपासनीसापर्यंत वेळेवर न पोहोचणे, हे या विसंगतीचे नेहमीचे प्रकार आहेत. अपंग प्रवासी, प्रथमच विमानप्रवास करणारे ग्रामीण व आदिवासी प्रवासी आणि धार्मिक चिन्हे बाळगणारे प्रवासी यांना तिचा विशेष त्रास होतो. म्हणून हा विषय केवळ प्रवासी सुविधेपुरता मर्यादित नसून समान वागणूक व मानवी प्रतिष्ठा यांच्याशीही संबंधित आहे.

पार्श्वभूमी

भारतातील विमानतळ सुरक्षेचे नियम बहुतांशी एखाद्या घटनेनंतर तयार झालेले आहेत. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे फॉकर विमान अपहरण करून लाहोरला नेण्यात आले. १० सप्टेंबर १९७६ रोजी दिल्लीहून मुंबईकडे निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचे अपहरण झाले. या दुसऱ्या घटनेनंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेसाठी एक स्वतंत्र कक्ष स्थापन करण्यात आला.

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान अटलांटिक महासागरावर बाँबस्फोटाने कोसळले व त्यातील ३२९ जणांचा मृत्यू झाला. हा बाँब नोंदणीकृत सामानातून विमानात पोहोचला होता आणि ज्या प्रवाशाच्या नावावर ते सामान होते तो विमानात चढलाच नव्हता. या दुर्घटनेनंतर १ एप्रिल १९८७ रोजी वरील कक्षाला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळून सध्याचा ब्यूरो अस्तित्वात आला. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन अ‍ॅमचे ७३ क्रमांकाचे विमान कराची विमानतळावर दहशतवाद्यांनी ताब्यात घेतले. हे दहशतवादी विमानतळ सुरक्षारक्षकांच्या गणवेशात आले होते. त्यामुळे प्रवाशांबरोबरच विमानतळावरील कर्मचाऱ्यांच्या प्रवेशावरही नियंत्रण ठेवण्याची गरज अधोरेखित झाली.

२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले आयसी ८१४ हे विमान अपहरण करून कंदाहारला नेण्यात आले. तोपर्यंत भारतीय विमानतळांवरील झडतीचे काम संबंधित राज्याच्या पोलिसांकडे होते. या घटनेनंतर ते टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात आले. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूर हा या दलाच्या ताब्यात आलेला पहिला विमानतळ ठरला. सर्व राज्यांत एकसारखी तपासणी व्हावी, हा या बदलामागील एक प्रमुख हेतू होता.

यंत्रणा व जबाबदाऱ्यांची विभागणी

विमानतळावरील सुरक्षेचे काम एकाच संस्थेकडे नाही. नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो नियम, मानके व परिपत्रके काढतो आणि त्यांच्या पालनाची पाहणी करतो. हे करताना आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या शिकागो करारातील सतराव्या परिशिष्टाचा आधार घेतला जातो. हे परिशिष्ट १९७४ मध्ये स्वीकारण्यात आले. देशांतर्गत कायदेशीर आधार विमान (सुरक्षा) नियमांचा आहे. २०११ च्या नियमांची जागा २०२३ मध्ये नव्या नियमांनी घेतली.

प्रवाशाची अंगझडती व हातसामानाची तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल करते. हे दल केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अधीन आहे. म्हणजेच नियम करणारी संस्था एका मंत्रालयाची व तो राबवणारे दल दुसऱ्या मंत्रालयाचे, अशी ही रचना आहे. क्ष-किरण यंत्रे, धातुशोधक चौकटी, ट्रे व रांगांसाठी लागणारी जागा विमानतळ चालक पुरवतो. हा चालक मुंबईत खासगी कंपनी, तर पुण्यात भारतीय विमानतळ प्राधिकरण आहे. विमानाच्या शिडीजवळ होणारी दुय्यम तपासणी व हातसामानाच्या वजन-आकारावरील नियंत्रण विमान कंपन्यांकडे असते. सीमाशुल्क व पारपत्र तपासणी या आणखी वेगळ्या यंत्रणा आहेत.

राज्यातील विमानतळांचे स्वरूपही एकसारखे नाही. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे. नाशिकजवळील ओझर विमानतळ हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड या संरक्षण उत्पादन कंपनीच्या धावपट्टीवर चालतो. शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी मुख्यतः यात्रेकरूंसाठी सुरू झाला, तर नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. लष्करी तळावरील विमानतळांवर छायाचित्रणबंदीसारखे जादा नियम लागू असतात. छोट्या विमानतळांवर यंत्रे व मनुष्यबळ मर्यादित असते.

या व्यवस्थेचा खर्च प्रवासीच तिकिटातून देतात. १ जुलै २०१९ पासून त्यासाठी ‘विमान सुरक्षा शुल्क’ आकारले जाऊ लागले. एप्रिल २०२१ पासून हे शुल्क देशांतर्गत प्रवासासाठी २०० रुपये व आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी १२ अमेरिकी डॉलर करण्यात आले.

नियमांतील बदल व त्यांची अंमलबजावणी

हातसामानाच्या चिठ्ठीवरील शिक्का

अनेक वर्षे भारतात हातसामानाला कागदी चिठ्ठी बांधून तपासणीनंतर तिच्यावर शिक्का मारला जात असे. शिक्का नसल्यास प्रवाशाला विमानाच्या दारातून पुन्हा तपासणीसाठी परत पाठवले जाई. १ एप्रिल २०१७ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद, कोची व अहमदाबाद या सात विमानतळांवर ही पद्धत बंद झाली. सामानाचा माग ठेवणारी क्लोज्ड सर्किट कॅमेऱ्यांची व्यवस्था या विमानतळांवर पुरेशी असल्याचे त्यासाठी विचारात घेतले गेले. त्यानंतर टप्प्याटप्प्याने इतर विमानतळांचा समावेश झाला.

पहिल्या यादीत महाराष्ट्रातील केवळ मुंबईचे नाव होते. त्यामुळे काही काळ मुंबईहून निघणाऱ्या प्रवाशाला शिक्क्याची गरज नव्हती, पण परतीच्या प्रवासात पुणे किंवा नागपूर येथे तीच चिठ्ठी आवश्यक होती. नियमातील हा फरक जाणीवपूर्वक व तांत्रिक कारणांसाठी ठेवलेला होता. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र त्याचे स्वरूप विसंगतीचेच होते.

एकच हँडबॅग

प्रत्येक प्रवाशाने एकच हँडबॅग न्यावी, असा आदेश ब्यूरोने २००० सालीच परिपत्रकाद्वारे दिला होता. महिलांची पर्स व परिपत्रकात नमूद केलेल्या काही वस्तूंना त्यातून सूट होती. प्रत्यक्षात प्रवासी दोन किंवा तीन पिशव्या नेत राहिले आणि विमान कंपन्यांनीही त्याकडे दुर्लक्ष केले. त्यामुळे तपासणी यंत्रांजवळ गर्दी वाढून विलंब होतो, याकडे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने लक्ष वेधल्यावर जानेवारी २०२२ मध्ये ब्यूरोने विमान कंपन्यांना व विमानतळांना हा नियम काटेकोरपणे पाळण्यास सांगितले.

हे उदाहरण वेगळ्या प्रकारच्या विसंगतीचे आहे. येथे नियम बदललाच नव्हता. बावीस वर्षांनंतर त्याच्या अंमलबजावणीची तीव्रता बदलली. मात्र दीर्घकाळ न पाळलेला नियम अचानक लागू झाल्यावर प्रवाशांना तो नवा व मनमानी वाटला.

द्रवपदार्थ

१० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटिश पोलिसांनी अटलांटिकपार जाणाऱ्या विमानांत द्रव स्फोटके नेण्याचा कट उघडकीस आणला. त्यानंतर जगभर हातसामानातील द्रव, जेल व फवारे यांवर मर्यादा आली. प्रत्येक डबी १०० मिलिलिटरपर्यंतची व सर्व डब्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत, असे तिचे स्वरूप आहे. भारतात ही मर्यादा प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय उड्डाणांना लावली जाते. देशांतर्गत प्रवासात पाण्याची बाटली सहसा नेता येते.

मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ मधून देशांतर्गत व आंतरराष्ट्रीय अशी दोन्ही उड्डाणे होतात. त्यामुळे नागपूरहून मुंबईमार्गे परदेशी जाणाऱ्या प्रवाशाची जी बाटली नागपुरात चालली, ती मुंबईत काढून घेतली जाऊ शकते. शिवाय ‘द्रव’ या शब्दाची व्याप्ती रोजच्या व्यवहारातील अर्थापेक्षा मोठी आहे. साजूक तूप, तेल सुटलेले लोणचे, मुरांबा, श्रीखंड यांसारखे पदार्थ मऊ किंवा पसरणारे असल्याने जेलच्या वर्गात मोडू शकतात, तर लाडू व चकली घनपदार्थ ठरतात. मधल्या स्थितीतील पदार्थांबाबत अंतिम निर्णय तपासनीसाच्या विवेकावर सोडलेला असतो. परदेशातील नातलगांसाठी घरगुती खाद्यपदार्थ नेणाऱ्या मराठी कुटुंबांना हा अनुभव येतो. असे पदार्थ नोंदणीकृत सामानात ठेवल्यास द्रवांच्या मर्यादेचा प्रश्न येत नाही. मात्र उतरण्याच्या देशाचे सीमाशुल्क व अन्नविषयक नियम स्वतंत्रपणे लागू होतात.

नारळ

सुक्या खोबऱ्यात तेलाचे प्रमाण अधिक असल्याने ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. म्हणून आंतरराष्ट्रीय धोकादायक माल नियमांत त्याची गणना ज्वलनशील पदार्थांत होते. भारतात हातसामानातून नारळ नेण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. तथापि शबरीमला यात्रेकरूंच्या ‘इरुमुडी’ या पूजेच्या गाठोड्यातील नारळाला २०२२-२३ व २०२४-२५ च्या यात्राकाळात तात्पुरती सूट देण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली सूट २० जानेवारी २०२५ पर्यंत होती व क्ष-किरण, स्फोटकशोधक यंत्र आणि प्रत्यक्ष पाहणी अशा तपासण्यांनंतरच नारळ नेण्याची मुभा होती.

ही सूट एका विशिष्ट यात्रेपुरती व ठरावीक मुदतीपुरती होती. महाराष्ट्रातील देवस्थानांहून प्रसादाचा नारळ घेऊन परतणाऱ्या भाविकांना ती लागू नव्हती. एकाच वस्तूबाबत हंगाम व हेतू यांनुसार वेगळा नियम असल्याचे हे उदाहरण आहे.

कृपाण

धारदार शस्त्रे हातसामानात निषिद्ध असली तरी भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये कृपाण धारण करणे हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानलेला आहे. ४ मार्च २०२२ रोजी ब्यूरोने काढलेल्या आदेशानुसार भारतीय विमानांतून देशांतर्गत प्रवास करणाऱ्या शीख प्रवाशांना पात्याची लांबी ६ इंच व एकूण लांबी ९ इंच यांपेक्षा अधिक नसलेले कृपाण नेता येते. याच आदेशात विमानतळावरील शीख कर्मचाऱ्यांना मात्र कृपाण बाळगण्यास मनाई करण्यात आली होती. त्यावर आक्षेप आल्यानंतर १२ मार्च २०२२ रोजी शुद्धिपत्रक काढून ते कलम वगळण्यात आले. प्रवाशांना दिलेल्या सवलतीला आव्हान देणारी याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये फेटाळली.

तख्त हजूर साहिबमुळे नांदेड येथे देशभरातील शीख भाविक येत असल्याने महाराष्ट्राच्या दृष्टीने हा नियम महत्त्वाचा आहे. परदेशी जाताना ही सवलत लागू नसल्यामुळे नांदेडहून देशांतर्गत विमानाने निघून पुढे आंतरराष्ट्रीय विमान पकडणाऱ्या प्रवाशाला कृपाण नोंदणीकृत सामानात ठेवावे लागते.

शरीर स्कॅनर

एप्रिल २०१९ मध्ये ब्यूरोने देशातील ८४ संवेदनशील विमानतळांना मार्च २०२० पर्यंत शरीर स्कॅनर बसवण्याचे निर्देश दिले होते. ही मुदत पाळली गेली नाही. पुढे वर्षाला ५० लाखांहून अधिक प्रवासी असलेल्या विमानतळांसाठी संगणकीय क्ष-किरण यंत्रांची २०२३ अखेरची मुदत ठरवण्यात आली. तीही लांबली. अशा यंत्रांत लॅपटॉप व मोबाइल पिशवीतून बाहेर काढण्याची गरज नसते. जुनी व नवी यंत्रे एकाच काळात वापरात असल्याने ‘लॅपटॉप बाहेर काढा’ व ‘आतच ठेवा’ अशा परस्परविरोधी सूचना दोन विमानतळांवर किंवा एकाच विमानतळाच्या दोन रांगांतही मिळू शकतात.

विसंगतीची कारणे

नियमांच्या असमान अंमलबजावणीमागे पुढील कारणे आढळतात.

नियमांचे स्वरूप: ब्यूरोचे आदेश परिपत्रकांच्या रूपात निघतात. त्यांतील काही जाहीर असतात, तर काही सुरक्षेच्या कारणास्तव संबंधित यंत्रणांपुरते मर्यादित ठेवले जातात. त्यामुळे तपासनीस दाखवत असलेला नियम खरोखर अस्तित्वात आहे का, हे प्रवाशाला पडताळता येत नाही.

तपासनीसाचा विवेक: निषिद्ध वस्तूंच्या यादीत प्रत्येक वस्तूचा समावेश करणे अशक्य असल्याने धोकादायक वाटणारी कोणतीही वस्तू अडवण्याचा अधिकार तपासनीसाला असतो. वस्तू सोडल्यास होणाऱ्या चुकीची जबाबदारी त्याच्यावर येते, अडवल्यास सहसा येत नाही. म्हणून संशयाचा निर्णय बहुधा प्रवाशाच्या विरुद्ध लागतो.

सावधगिरीच्या पातळीतील बदल: प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्य दिन यांच्या सुमारास अभ्यागतांचे प्रवेशपास बंद होतात व विमानाच्या शिडीजवळ दुय्यम तपासणी केली जाते. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ तात्पुरते बंद ठेवण्यात आले, देशभर सर्व प्रवाशांची दुय्यम तपासणी सक्तीची झाली व प्रवाशांना तीन तास आधी येण्यास सांगण्यात आले.

मनुष्यबळ: सप्टेंबर २०२२ मध्ये ५० विमानतळांवरील केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची ३,०४९ पदे रद्द करून झडतीव्यतिरिक्तच्या कामांसाठी १,९२४ खासगी सुरक्षारक्षक नेमण्याची योजना अमलात आली. जवानांच्या नियमित बदल्यांमुळेही एकाच ठिकाणचा अनुभव टिकून राहत नाही.

यादृच्छिकता व विसंगती यांतील फरक

सुरक्षाशास्त्रात काही अनिश्चितता हेतुपुरस्सर ठेवली जाते. कोणत्या प्रवाशाची जादा तपासणी होईल याचा अंदाज बांधता येऊ नये, यासाठी यादृच्छिक निवड केली जाते. मात्र अशा निवडीतही ‘काय नेता येते’ हा नियम स्थिर असतो. ‘कोणाला तपासायचे’ एवढेच बदलते. ज्या विसंगतीत नियमाचा अर्थच तपासनीसागणिक बदलतो, तिचा सुरक्षेला उपयोग होत नाही. उलट तिच्यामुळे नियमांवरील विश्वास कमी होतो व खऱ्या इशाऱ्यांकडेही दुर्लक्ष होण्याचा धोका निर्माण होतो.

अपंग प्रवासी

कृत्रिम अवयव वापरणाऱ्या प्रवाशांची तपासणी हा या विषयातील सर्वाधिक चर्चिला गेलेला भाग आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईस्थित नृत्यांगना व अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी समाजमाध्यमावर एक चित्रफीत प्रसिद्ध करून विमानतळावर प्रत्येक वेळी कृत्रिम पाय काढायला लावला जातो, याबद्दल व्यथा मांडली. स्फोटकशोधक यंत्राने तपासणी करण्याची विनंती करूनही ती मानली जात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने त्यांची माफी मागितली. कार्यपद्धतीनुसार कृत्रिम अवयव केवळ अपवादात्मक परिस्थितीतच काढायला सांगता येतो, असेही दलाने स्पष्ट केले. नियम अस्तित्वात होता पण त्याचे पालन झाले नव्हते, हे यातून पुढे आले.

डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीजा घोष प्रकरणाशी संबंधित सुनावणीत मानवी प्रतिष्ठा राखण्यासाठी कृत्रिम अवयव असलेल्या व्यक्तींना तपासणीत तो काढायला लावू नये, तसेच अपंग व्यक्तीला तिच्या संमतीशिवाय हाताने उचलू नये, असे मत व्यक्त केले. सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या जीजा घोष यांना फेब्रुवारी २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्याला जाणाऱ्या विमानातून उतरवण्यात आले होते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा आदेश विमान कंपनीला दिला.

तपासणीतून सूट

राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, माजी राष्ट्रपती, सरन्यायाधीश, राज्यपाल, मुख्यमंत्री आदी पदाधिकाऱ्यांना अंगझडतीतून सूट आहे. या यादीतील नोंदी बहुतांशी पदांच्या आहेत. दलाई लामा यांचा समावेश मात्र नावाने आहे. एका खासगी नागरिकाचे नावही या यादीत होते. त्यावर दीर्घकाळ टीका झाल्यानंतर सप्टेंबर २०१५ मध्ये ते वगळण्यात आले.

सूट असूनही ती न पाळली गेल्याचे उदाहरण म्हणजे माजी राष्ट्रपती ए.पी.जे. अब्दुल कलाम यांची एप्रिल २००९ मध्ये दिल्ली विमानतळावर झालेली झडती. काँटिनेंटल एअरलाइन्स या अमेरिकी कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी आपल्या देशाच्या नियमांचा आधार घेऊन ही झडती घेतली होती. जुलै २००९ मध्ये हे प्रकरण संसदेत गाजल्यावर कंपनीने माफी मागितली. कलाम यांनी स्वतः त्या वेळी कोणतीही तक्रार केली नव्हती. दोन देशांचे नियम एकाच दारात लागू झाल्यास कोणता पाळायचा, हा प्रश्न या घटनेने उपस्थित केला.

ओळखपत्र व डिजियात्रा

विमानतळाच्या प्रवेशद्वारावर ओळखपत्राबाबत वाद होऊ नयेत म्हणून ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्यूरोने ग्राह्य ओळखपत्रांची यादी जाहीर केली. तीत पारपत्र, मतदार ओळखपत्र, आधार किंवा त्याची मोबाइल आवृत्ती, पॅन कार्ड, वाहन परवाना, सेवा ओळखपत्र, विद्यार्थी ओळखपत्र, राष्ट्रीयीकृत बँकेचे छायाचित्र असलेले पासबुक, निवृत्तिवेतन कार्ड व अपंगत्वाचे ओळखपत्र यांचा समावेश आहे. पालकांसोबत असलेल्या अल्पवयीन मुलांना ओळखपत्राची गरज नाही, हेही त्यात स्पष्ट करण्यात आले.

चेहऱ्यावरून ओळख पटवणारी ‘डिजियात्रा’ ही सेवा डिसेंबर २०२२ मध्ये देशात सुरू झाली. २०२३ मध्ये ती पुणे व मुंबई येथे उपलब्ध झाली. ती ऐच्छिक असल्याचे मंत्रालयाने जाहीर केलेले आहे. तथापि काही विमानतळांवर प्रवेशद्वारावरील कर्मचारी प्रवाशांची पुरेशी संमती न घेता नोंदणी करतात, अशा तक्रारी झाल्या. ऐच्छिक सुविधा प्रत्यक्षात सक्तीची भासणे, हाही असमान अंमलबजावणीचाच एक प्रकार मानला जातो.

करोनाकाळ

करोना महासाथीच्या काळात सुरक्षा नियमांच्या जोडीला आरोग्यविषयक नियम आले व त्यांत केंद्र-राज्य मतभेद दिसून आले. २५ मे २०२० रोजी देशांतर्गत उड्डाणे पुन्हा सुरू झाली तेव्हा महाराष्ट्र शासनाने मुंबईहून दररोज केवळ २५ उड्डाणे व २५ आगमने यांना परवानगी दिली. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्ली, राजस्थान, गुजरात व गोवा येथून येणाऱ्यांना चाचणीचा अहवाल सक्तीचा करण्यात आला.

ओमिक्रॉन या विषाणू प्रकाराच्या पार्श्वभूमीवर ३० नोव्हेंबर २०२१ रोजी राज्याने परदेशांहून येणाऱ्यांसाठी केंद्रापेक्षा कडक आदेश काढला. १ डिसेंबर रोजी केंद्रीय आरोग्य सचिवांनी तो केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांशी विसंगत असल्याचे राज्याला कळवले आणि २ डिसेंबर रोजी राज्याने सुधारित आदेश काढला. या तीन दिवसांत विमानात बसलेल्या प्रवाशाला लागू असलेला नियम तो उतरेपर्यंत बदललेला असू शकत होता.

दुर्गम भागांतील प्रवासी: जव्हार व मोखाडा

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या पालघर जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. वाढवण बंदराच्या परिसरात विमानतळ उभारण्याचा प्रस्ताव आहे. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आदी आदिवासी समाजांची वस्ती असलेल्या जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील रहिवाशांना विमानप्रवासासाठी त्र्यंबकेश्वर-नाशिकमार्गे ओझर किंवा घाट उतरून मुंबई गाठावी लागते. ओझर रस्त्याने तुलनेने जवळ आहे, परंतु तेथील उड्डाणे मर्यादित आहेत.

या भागातील प्रवाशांच्या बाबतीत नियमांच्या विसंगतीचा परिणाम अधिक तीव्र असतो. वारंवार प्रवास करणाऱ्याला नियम अनुभवाने कळतात. प्रथमच विमानात बसणाऱ्याला तपासनीस सांगेल तोच नियम असतो. विळा, कोयता, बाण यांसारखी धारदार साधने हातसामानात नेता येत नाहीत, हे स्पष्ट आहे. मात्र तारपा या भोपळा व बांबूपासून बनवलेल्या लांब वाद्यासारख्या वस्तू कोठे ठेवायच्या, हे विमान कंपनीच्या आकारविषयक अटींवर अवलंबून असते.

वारली चित्रकलेमुळे पालघर जिल्ह्यातील कलावंत प्रदर्शनांसाठी परदेशांत जाऊ लागले. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील पद्मश्री जिव्या सोमा मशे हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव होय. या चित्रांचा पांढरा रंग तांदळाच्या पिठापासून करतात. ३० जून २०१८ पासून अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत हातसामानातील ३५० मिलिलिटरहून अधिक भुकटीसदृश पदार्थांची जादा तपासणी होऊ लागली. त्यामुळे पीठ, मेतकूट किंवा मसाला यांसारख्या एरवी निरुपद्रवी वस्तूही अमेरिकेच्या प्रवासात अडू शकतात.

भाषेचा प्रश्नही येथे महत्त्वाचा ठरतो. तपासणीचे जवान देशाच्या सर्व भागांतून आलेले असतात व सूचना मुख्यतः हिंदी किंवा इंग्रजीत दिल्या जातात. डिसेंबर २०१८ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने आपल्या विमानतळांवरील उद्घोषणा प्रथम स्थानिक भाषेत, नंतर हिंदी व इंग्रजीत करण्याचे निर्देश दिले. हे निर्देश उद्घोषणांपुरते आहेत. तपासणीच्या रांगेत होणाऱ्या तोंडी संवादाला ते लागू होत नाहीत.

तक्रार निवारण

विमानप्रवासाविषयीच्या तक्रारींसाठी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘एअरसेवा’ हे संकेतस्थळ व अ‍ॅप सुरू केले. प्रवासी विमानतळावरील वरिष्ठ सुरक्षा अधिकाऱ्याकडेही दाद मागू शकतो. हातसामानात न चालणारी, पण विमानात नेण्यास मनाई नसलेली वस्तू वेळ असल्यास नोंदणीकृत सामानात देता येते किंवा सोबत आलेल्या व्यक्तीकडे परत पाठवता येते. उड्डाणाची वेळ जवळ आलेली असल्याने प्रत्यक्षात बहुतेक प्रवासी ती सोडून देतात.

केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा समावेश माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या दुसऱ्या अनुसूचीत असल्याने त्याला या कायद्यातून सूट आहे. भ्रष्टाचार व मानवी हक्कांचे उल्लंघन यांसंबंधीची माहिती मात्र या सुटीत येत नाही. त्यामुळे वस्तू जप्त करण्याच्या निर्णयाची कारणे मिळवणे कठीण असते. अपमानास्पद झडतीसारख्या प्रकरणांत मानवी हक्कांच्या आधारे माहिती मागण्याचा मार्ग खुला राहतो.

इतर देशांतील स्थिती

नियमांतील अस्थिरता केवळ भारतापुरती नाही. ब्रिटनमध्ये नवी संगणकीय यंत्रे बसवल्यानंतर लंडन सिटी विमानतळाने एप्रिल २०२३ मध्ये १०० मिलिलिटरची मर्यादा उठवली. जून २०२४ मध्ये सरकारने अशा काही विमानतळांवर ती पुन्हा लागू केली. युरोपीय संघानेही १ सप्टेंबर २०२४ पासून नव्या यंत्रांच्या ठिकाणी ही मर्यादा तात्पुरती परत आणली. अमेरिकेत डिसेंबर २००१ मध्ये एका प्रवाशाने बुटात लपवलेल्या स्फोटकांचा स्फोट करण्याचा प्रयत्न केल्यानंतर बूट तपासले जाऊ लागले व २००६ पासून ते काढणे सर्वांना सक्तीचे झाले. ही सक्ती जुलै २०२५ मध्ये रद्द झाली. भारतात बूट काढण्याची सरसकट सक्ती नाही. धातुशोधक यंत्राने इशारा दिल्यास किंवा तपासनीसाने सांगितल्यास ते काढावे लागतात.

हे सुद्धा पहा

छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ
केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल
एअर इंडिया फ्लाइट १८२
इंडियन एअरलाइन्स फ्लाइट ८१४
पालघर जिल्हा